वाचकांचे प्रश्न : वारं पडलं, पाणी उठलं

मागच्या अंकात ‘झड’ या शब्दावर लिहिताना शेवटी मी एक विनंती केली होती. ज्यांचं पोट पाण्यावर आहे त्यांच्या घरात वाऱ्यापावसाला कोणते शब्द आहेत ते कळवा, आणि काही अडलं असेल तर विचारा. पत्रं भरपूर आली. निम्म्याहून जास्त जणांनी कोकणातल्या कोळ्यांचे शब्द विचारलेत. ‘मराठवाड्यात कुठं आली मासेमारी?’ असंही दोघातिघांनी लिहिलंय. त्यांच्यासाठी आधी माझी ओळख. मी पैठणची, भोयाच्या घरातली. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. वडील, म्हणजे आमचे नाना, आधी गंगेवर नाव चालवायचे आणि उन्हाळ्यात वाळूत टरबुजाची वाडी करायचे. धरण झालं, नाव गेली, वाडी गेली, मग ते नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, जाळं टाकायला लागले. माय बाजारात मासळी घेऊन बसायची. त्या पैशावर मी शिकले आणि एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. म्हणून जे कोकणचं आहे ते कोकणचं म्हणून सांगते, आणि जे आमच्या घरचं आहे ते घरचं म्हणून.

प्रश्न : कोकणातल्या मित्राला फोन केला तर म्हणाला, ‘आज भांग आहे, जाळ्यात काही गावणार नाही.’ मला एक भांग डोक्यातला माहीत, दुसरी महाशिवरात्रीची. हा कोणता? आणि आपल्याकडं समुद्रच नाही, म्हणजे असे शब्दही नसणार ना? (एक शिक्षक, लातूर)

हा भांग पाण्याचा. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका ओळीत येतात. सूर्याची आणि चंद्राची ओढ एकात एक मिसळते, पाणी जास्त चढतं आणि जास्तच उतरतं. ते उधाण. अष्टमीला, मग ती शुद्ध असो की वद्य, दोघांची ओढ एकमेकींना काटकोनात असते. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. तो भांग. भूगोलाच्या पुस्तकात ‘भांगाची भरती’ म्हणून आपण सगळ्यांनी तो पाठ केला होता. फक्त पुस्तकात त्याला मासळीचा वास नव्हता, म्हणून विसरलो.

तुमचा मित्र सांगतो ते खरं आहे. तिकडं डोल नावाचं जाळं असतं, पिशवीसारखं लांब. ते पाण्यात एका जागी बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीची ओढच मासळी त्यात आणून घालते. भांगाला ओढ मंद, त्यामुळं पिशवी फुगत नाही. कोळ्याच्या घरात ‘भांग आहे’ या चार अक्षरांत तिथी येते, पाण्याची चाल येते आणि आज घरात पैसा येणार नाही हेही येतं.

तुम्ही शिक्षक आहात म्हणून एक हिशेब सांगते, मुलांना आवडेल. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार पाऊणं तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहाच्या सुमाराला. हिशेब ढोबळ आहे, पण किनाऱ्यावरच्या कितीतरी पिढ्यांनी घड्याळाशिवाय त्यावर होड्या लोटल्या. रोज भरती साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते, ते सगळं त्या ‘पाऊणे’त बसलेलं आहे.

आता तुमच्या पत्रातला दुसरा भाग. आपल्याकडंही असे शब्द आहेत, फक्त त्यांचं घड्याळ वेगळं आहे. समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि उतरतो, नाथसागर वर्षातून एकदा. श्रावण-भादव्यात वरून, नाशिक-नगरकडून पाणी येतं तेव्हा आमच्याकडं ‘पाणी चढलं’. होळीनंतर ‘पाणी मागं सरलं’. मागं सरलेल्या पाण्याखालून जो गाळ उघडा पडतो त्याच्यात काठचे शेतकरी गाळपेर करतात. आम्ही मात्र होडीची खुंटी उपटून रोज पाच-दहा पावलं पुढं ठोकत जायचो. वैशाखात घरापासून होडीपर्यंत चालायलाच अर्धा तास लागायचा.

आणि एक शब्द सरकारी आहे, तो मला अजून टोचतो. जायकवाडीचा पूर्ण साठा २९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यातला ७३८ दलघमी ‘मृत साठा’. कालव्याच्या तोंडाखाली जे पाणी राहतं, सोडता येत नाही, ते अभियंत्यांच्या भाषेत मृत. नानांनी हा शब्द रेडिओवर पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते जेवत होते. हातातला घास तसाच राहिला. म्हणाले, “मेलेलं पाणी कसं म्हणतेत गं? सगळं मासं तर तेवढ्यातच जगतं.” दुष्काळाच्या साली उरतं त्या पाण्याला आमच्या घरात ‘बियाण्याचं पाणी’ म्हणायचे. घरातलं बियाणं खाऊन टाकू नये तसं ते पाणी खरवडून मारू नये, एवढं सगळं त्यात होतं. हा शब्द मी दुसऱ्या घरात ऐकलेला नाही. वर्तमानपत्रात ‘मृत साठा’ दिसला की मी मनात खोडून तिथं नानांचा शब्द लिहिते.

प्रश्न : आम्ही नाथसागरात मासेमारी करतो. एका प्रशिक्षणात मी बोलून गेलो, ‘वारं पडलं की निघायचं असतं.’ शिकवणारे साहेब म्हणाले, ‘वारा पडला म्हणजे थांबला, मग भीती कशाची? वारा सुटला म्हणा.’ सगळे हसले. आजोबा ‘वरलाकडचं वारं’ म्हणतात, तेही तिथं ‘पश्चिमेचा वारा’ असं दुरुस्त करून दिलं. आमचं बोलणं चुकीचं आहे का? (एक तरुण मच्छीमार, गंगापूर तालुका)

तुमचं बोलणं पूर्ण बरोबर आहे, आणि त्या दिवशी कुणी हसायला नको होतं. हे उत्तर मी जरा सावकाश देते, कारण तुमच्या प्रश्नानं मला सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षं मागं नेलं.

आधी शब्दाचं बघू. ‘पडणं’ हे क्रियापद हवेला लावलं की फार नीट ऐकावं लागतं. पाऊस पडला म्हणजे आला. इज पडली म्हणजे आली. ऊन पडलं, हिव पडलं, धुई पडली, सगळ्यांचा अर्थ आलं असाच. वारं पडलं म्हणजे मात्र गेलं. सगळ्या हवेत एक वारंच असं आहे की जे पडलं म्हणजे नाहीसं होतं. ते येतं तेव्हा सुटतं, दावं तोडून बैल सुटावा तसं. पाऊस कधी सुटत नाही. तो लागतो, धरतो, ओसरतो, उघडतो. तेव्हा साहेबांनी सांगितलेला अर्थ शब्दकोशाला धरून आहे. पण तुम्ही शब्दाचा अर्थ सांगत नव्हता, तुम्ही खूण सांगत होता.

ती खूण मी एकदा डोळ्यांनी पाहिली. धरण पुरं होऊन दोनेक वर्षं झाली होती, म्हणजे १९७८ चा उन्हाळा असेल. मी दहावीची परीक्षा देऊन घरी होते. भाऊ तापानं फणफणलेला, म्हणून जाळं काढायला नानांबरोबर मी गेले. वैशाखातली दुपार. पाण्याखाली गेलेल्या बाभळींचे शेंडे वर आले होते, एकेका शेंड्यावर पाणकावळे पंख वाळवत बसलेले. सकाळपासून वरलाकडचं वारं एकसारखं वाहत होतं आणि त्याची आम्हाला सवय झाली होती. म्हणून ते थांबलं तेव्हा मला आधी कळलंच नाही. मला वाटलं, कान भरले. मग लक्षात आलं की होडीच्या फळीवर थपथप आपटणारं पाणी गप्प झालंय. बाभळीचे पाणकावळे उडाले. अंगावरचा घाम वाळेना.

नानांचे हात जाळ्यावर थांबले. त्यांनी आभाळाकडं पाहिलंसुद्धा नाही. नाक वर करून वास घेतला आणि म्हणाले, “वारं पडलं. सोड जाळं.”

अर्धं जाळं अजून पाण्यात होतं. नवं होतं, उधारीचं. मी म्हणाले, एवढं ओढून घेऊ. त्यांनी उत्तर दिलं नाही, कोयत्यानं दोर तोडला आणि वल्ही घेतली. काठ दोन-तीनशे हातांवर आला असेल तेव्हा मी मागं वळून पाहिलं. लांब पश्चिमेला पाण्यावर एक काळी रेघ उठली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बघता बघता ती रेघ जाड झाली. मातीचा ओला वास आला, आणि पाऊस तर कुठंच नव्हता. आम्ही होडी ओढून काठावर पालथी घातली आणि तिच्या आडोशाला बसलो तेवढ्यात वावधान आलं. पाणी उठलं. मघाशी आरशासारखं होतं तेच पाणी, एका घटकेत माणसाच्या छातीएवढं उंच होऊन काठावर आपटायला लागलं. मग इजा, मग गारा. नाना माझ्या डोक्यावर हात धरून बसले होते. त्या हाताला जाळ्याचा, मासळीचा वास येत होता.

यात जादू काही नव्हती. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, तिचा ढग बांधतो. त्या ढगातून पाऊस पडायला लागला की त्याच्याबरोबर गार, जड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर चारी बाजूंना पसरत धावते. तिकडच्या भिजल्या मातीचा वास तीच घेऊन येते, म्हणून पाऊस पोचायच्या आधी वास पोचतो. आणि ती हवा येऊन आदळायच्या आधी पुष्कळदा नेहमीचं वारं दबून जातं. ती जी घटकाभराची शांतता, तिलाच आपली माणसं ‘वारं पडलं’ म्हणतात. वैशाखात, दुपारनंतर, पश्चिमेला आभूट, म्हणजे ढग दाटलेले, असताना वारं पडलं तर निघायचंच. तेच माघातल्या संध्याकाळी पडलं तर खुशाल जाळं टाकायचं. शब्द एकच, त्याचं काय करायचं ते महिना सांगतो. पुढच्या प्रशिक्षणात हे असंच सांगा, साहेब ऐकून घेतील. ऐकून घ्यायलाच पाहिजे.

आता ‘वरलाकडचं’. गंगा नाशिककडून येते आणि नांदेडकडं जाते. वरलं अंग म्हणजे पश्चिम, खाललं अंग पूर्व. धरणाची भिंत पूर्वेच्या टोकाला आहे आणि तिथून जलाशय पश्चिमेकडं ५५ किलोमीटर लांब गेलाय, रुंदी कुठं कुठं २७ किलोमीटर. त्यामुळं पश्चिमेच्या वाऱ्याला धावायला सलग पाणी मिळतं, आणि लाट जितकी लांबून येते तितकी मोठी होते. उत्तर-दक्षिण वाऱ्याला तेवढी लांबी मिळत नाही. म्हणजे आजोबा ‘वरलाकडचं वारं’ म्हणतात तेव्हा दिशेबरोबर लाटेची उंचीसुद्धा सांगतात. ‘पश्चिमेचा वारा’ म्हटल्यावर नुसती दिशा उरते.

तरी एक सांगते, आणि हे कळकळीनं सांगते. बातम्यांची भाषाही शिकून घ्या, कारण इशारा त्याच भाषेत येतो. ‘सोसाट्याचा वारा, ताशी ४५ ते ५५ किलोमीटर’ असं ऐकलं तर तो तुमच्या थर्माकोलच्या तराफ्यासाठी नाही, तराफा काठावरच राहू द्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप विजेची सूचना देतं, ते फोनमध्ये ठेवा. आणि इज कडाडायला लागली की पाण्यात थांबू नका, एकट्या झाडाखालीही जाऊ नका. आजोबांचं नाक आणि फोन, दोन्ही बरोबर असू द्या.

प्रश्न : ‘दर्या’, ‘तुफान’, ‘मोसम’, ‘मतलई’ हे कोळ्यांचे शब्द मुळात मराठी नाहीत असं आमच्या चर्चेत निघालं. त्यांच्या जागी शुद्ध शब्द आणावेत का? (एम. ए. मराठीची विद्यार्थिनी, नांदेड)

आणू नयेत. जे शब्द पाण्यात उतरून आलेत त्यांना आपण कोरड्या काठावरून बाहेर काढायचं नसतं.

‘दर्या’ फारसी. तिथं त्याचा अर्थ समुद्रही होतो आणि मोठी नदीही. कोकणातल्या कोळ्यांनी त्यातला समुद्र घेतला, उर्दूनं नदी घेतली. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात, कचेरी उर्दूत, त्यामुळं आपल्या कानावर नदीच आली. पैठणला आमच्या शेजारच्या चाची गंगेला पूर आला की ओट्यावरून ओरडायच्या, “दरिया चढा है!” आणि माय आतून म्हणायची, “व्हय, गंगा आली.” एकच पाणी, दोन दारांत दोन शब्द, आणि पूर दोघींच्या घरात सारखाच शिरायचा.

‘तुफान’ अरबी. ‘मोसम’ही अरबी, ठरलेली वेळ किंवा हंगाम या अर्थाचा. तोच शब्द पोर्तुगीज खलाशांच्या तोंडून फिरत फिरत ‘मान्सून’ होऊन आपल्याकडं परत आला. म्हणजे ‘मोसमी वारे’ आणि ‘मान्सून’ ही एकाच घरातली भावंडं.

‘मतलई’वर माझा फार जीव आहे. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर गार होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडं वाहतो. तो मतलई. दिवसा उलट, समुद्राकडून येतो तो खारा वारा. शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर जायच्या आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी यायच्या. आता बघा, कोकणात जमीन पूर्वेला आहे, म्हणजे मतलई पूर्वेकडून येतो. अरबीत ‘मत्ला’ म्हणजे उगवण्याची जागा. हा वारा सूर्य उगवतो तिकडून येणारा म्हणून मतलई झाला असावा असं मला वाटतं. आणि गझलेचा पहिला शेर, जिथून गझल उगवते, तोही मतला! मराठवाड्यात ज्यांनी मुशायरे ऐकलेत त्यांना तो शब्द सांगावा लागत नाही. मुशायऱ्यात आणि कोळ्याच्या होडीत एकच शब्द बसलेला असेल तर त्याला परका कुणी म्हणावं?

प्रश्न : ठाण्याला दिलेली माझी लेक पाऊस लागला की ‘वलगणीचे मासे आणले’ म्हणून सांगते. वलगण हे माशाचं नाव की पावसाचं? आपल्याकडं त्याला काय म्हणतात? (गृहिणी, माजलगाव)

दोन्हींच्या मधलं. पहिल्या मोठ्या पावसानं ओढे-नाले वाहायला लागले की गोड्या पाण्यातले मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलटे चढतात. ठाणे-रायगडकडं त्या चढण्याला वलगण म्हणतात. मग ते दिवसही वलगणीचे आणि मासेही वलगणीचे. आमच्याकडं सरळ ‘चढीचे मासे’. तुमच्या सिंदफणेच्या काठी जुन्या माणसांना विचारून बघा आणि मला कळवा, तिथं आणखी वेगळा शब्द असेल तर मला तो हवाय.

चढीच्या दिवसांत माय पाटीतली मासळी एकेक उचलून पोटावर अंगठा फिरवायची. गाबोळीनं भरलेली असली की तिचं तोंड उतरायचं. गिऱ्हाईक गाबोळीला जास्त पैसे द्यायचं, ती विकायचीही, घर चालायचं होतं. पण नानांना म्हणायची, “चढत्याला धरू नये, उतरत्याला धरावं.” अंडी घालून परत फिरलेला मासा धरा, असा त्याचा अर्थ. समुद्रावर आता यासाठी कायदा आहे, पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते. माझ्या मायला कायदा कुणी सांगितला नव्हता.

रोहू, कटला, मृगळ हे तर साचलेल्या पाण्यात अंडी घालतच नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून धरणात दरवर्षी मत्स्यबीज सोडावं लागतं. लेकीला सांगा, वलगणीचे मासे चवीला गोड लागतात हे खरं, पण थोडेच आणावेत.

प्रश्न : पुनर्वसूचा ‘तरणा पाऊस’ आणि पुष्याचा ‘म्हातारा पाऊस’ हे शेतकऱ्यांचे शब्द. तुमच्याकडंही चालतात का? (शेतकरी, परभणी जिल्हा)

चालतात, नक्षत्रं सगळ्यांचीच. फरक एवढाच की तुम्ही नक्षत्रावरून पेरणीचं बघता, नाना पाण्याचा रंग बघायचे. मिरगाचं पाणी लाल गढूळ, मासा आंधळा होतो, जाळ्यात लवकर येतो. हस्त संपता संपता पाणी निवळतं, मग त्याला जाळं दिसतं आणि बारीक तंगुसाचं जाळं लागतं.

प्रश्न : मी आठवीत आहे. आमच्या जवळ सिद्धेश्वर धरण आहे. तिथल्या मासे धरणाऱ्या लोकांचे हवेचे शब्द मला गोळा करायचे आहेत. कसे करू? (विद्यार्थिनी, हिंगोली जिल्हा)

बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू जे करणार आहेस ते आमच्या पिढीनं करायला हवं होतं.

नुसते शब्द विचारू नकोस. ‘पावसाला तुमच्यात काय म्हणतात?’ असं विचारलंस तर आजोबा-आजी तुला ‘पाऊसच म्हणतात’ असं सांगतील, कारण शाळेतल्या मुलीपुढं ते शाळेचे शब्द बोलतात. पहाटे त्यांच्याबरोबर काठावर जा, घरच्यांना विचारून जा, आणि गप्प बस. जाळं ओढताना ते एकमेकांशी जे बोलतात ते ऐक. शब्द कानावर पडला की पूर्ण वाक्य लिही, जसं बोललं तसंच, ‘नाही’ला ‘न्हाई’ म्हटलं असेल तर ‘न्हाई’च लिही. खाली तारीख, तिथी, आभाळ कसं होतं ते लिही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो शब्द बोलल्यावर त्यांनी काय केलं ते लिही. होडी काढली, की ओढून ठेवली? जाळं टाकलं, की गुंडाळलं? बाया मासळी विकतात, त्यांना विसरू नकोस. उन्हाचे, उकाड्याचे शब्द त्यांच्याकडं जास्त असतात, कारण दुपारपर्यंत पाटी घेऊन त्या उन्हात बसलेल्या असतात.

माझ्याकडच्या वहीतलं एक पान तुला नमुना म्हणून देते:

शब्द : धुई. कोण बोललं : माझी माय. कधी : पौषातली पहाट, गंगेकाठी, पलीकडचा काठ दिसत नव्हता. वाक्य : “धुई फिटल्याबिगर पाण्यात पाय घालू नको, काठ फसवतो.” काय केलं : काठावर शेकोटी पेटवली, मला मांडीवर घेतलं आणि सूर्य कासराभर वर येईपर्यंत आम्ही तिथंच बसलो.

अशी दहा पानं झाली की मला पाठव. या सदरात तुझ्या नावानं छापू.

दुरुस्ती

मागच्या अंकात ‘झड म्हणजे एक-दोन दिवस लागून राहिलेला पाऊस’ असं मी लिहिलं होतं. किनवटहून एका वाचकानं कळवलंय की दिवस मोजून झड ठरत नाही. पाऊस मध्ये दोन-चार तास थांबला तरी आभाळ उघडलं नाही तर झड चालूच असते, मग आठ दिवस का होईनात. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. नानाही ‘झड मोडली’ असं ऊन पडल्यावरच म्हणायचे, आणि मग ओलं जाळं वाळत घालायला आम्हा भावंडांना हाक मारायचे. वाचकांनी आपल्या अंकात तेवढं दुरुस्त करून घ्यावं.